अपाचेमागे टॉमकॅट: बागेत व्हिडिओ थांबवला की पुन्हा सुरूच होत नाही

वेलीकाठी, नाशिक
१४ जून, रात्री १०:१५

नमस्कार. प्रश्न लांब आहे. पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं मांडते.

मी द्राक्ष बागायतदारांच्या एका शेतकरी कंपनीत काम करते. ऑफिस गंगापूर रोडला, सभासद दिंडोरी, निफाड, चांदवड भागातले आणि काही बागलाणातले. त्यांच्यासाठी आम्ही व्हिडिओ करतो: खरड छाटणी, सबकेन, डोळे तपासणी (वेलीच्या डोळ्यात घड आहे का ते बघणं), गोड छाटणी, पेस्ट लावणं, विरळणी, डिपिंग. एकेक व्हिडिओ वीस-पंचवीस मिनिटांचा, बागेत उभं राहून काढलेला. ओटीपीने लॉगिन करायचं आणि बघायचा. ॲप्लिकेशन जावाचं आहे, टॉमकॅटवर (जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) चालतं, पुढे अपाचे (लोकांच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर). ज्यांनी ते लिहिलं ते आता संपर्कात नाहीत. सोर्स कोड मात्र माझ्याकडे आहे. मे महिन्यात जुन्या होस्टिंगचा करार संपला आणि मी एकटीने सगळं नव्या मशीनवर आणलं.

मशीन ४ कोअर, ८ जीबी रॅम, उबुंटू २४.०४, अपाचे २.४.५८. आमची वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं गाठोडं) जुन्या जावाएक्सच्या काळातली. टॉमकॅट १० पासून पॅकेजची नावं जकार्ता झाली, त्यात ती तशीच्या तशी चालत नाही, म्हणून टॉमकॅट ९ वेगळा उतरवून घेतला. दोन्ही एकाच मशीनवर. अपाचे-टॉमकॅटची जोडणी मॉड प्रॉक्सी एजेपीने (एजेपी म्हणजे त्या दोघांची आपसात बोलायची भाषा), पोर्ट ८००९.

जोडताना आधी नुसता ५०३ (सेवा उपलब्ध नाही) यायचा. टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये एजेपीची ओळ कॉमेंट केलेली दिसली, ती उघडली. मग सिक्रेट (दोघांमधला परवलीचा शब्द) दिलेलं नाही म्हणून टॉमकॅटने कनेक्टर सुरू करायलाच नकार दिला. तेव्हा सिक्रेट रिक्वायर्ड फॉल्स केलं. तरीही अपाचेला कनेक्शन मिळेना, म्हणून ॲड्रेस ०.०.०.० टाकला. मग चाललं.

आता दुखणी सांगते.

माझे वडील उगावच्या बागेत मोबाइल खोडाला टेकवून व्हिडिओ लावतात. शेंडा कुठे खुडायचा ते बघतात, व्हिडिओ थांबवतात आणि एक ओळ करून येतात. परत येऊन प्ले दाबलं की नुसतं गोल फिरत राहतं. दोन मिनिटांत परत आले तर चालतो, जास्त वेळ गेला की नाही. पान नव्याने उघडावं तर व्हिडिओ पहिल्यापासून, आणि बोटाने पुढे सरकवला तरी सरकत नाही. पंचवीस मिनिटांतली अठरा मिनिटं पुन्हा बघायची का? इतर सभासदांचे फोनही याच तक्रारीचे आहेत.

आयफोनवर तर व्हिडिओ सुरूच होत नाही.

आणि सोमवारी संध्याकाळी नवा व्हिडिओ टाकला की तासाभरात सगळी साइट अडकते. ओटीपीचा मेसेज जातो, पण पुढचं पान उघडत नाही. त्या वेळी मशीनवर बघितलं तर सीपीयू जवळजवळ रिकामा, रॅमही शिल्लक. म्हणजे मशीन दमलेलं नाही, तरी काम करत नाही. हे मला अजिबात उलगडत नाहीये.

जोडणीच बदलावी का, मॉड जेके (एजेपीचंच दुसरं मॉड्यूल) घ्यावं का, की एजेपी सोडून साध्या एचटीटीपीने जोडावं? बागलाणातल्या सभासदांची अर्ली छाटणी तोंडावर आली आहे. त्याआधी हे नीट व्हायला हवं.


इंदिरानगर_लिनक्स
१४ जून, रात्री १०:५२

ताई, व्हिडिओचं उद्या बघू. आधी ८००९ बंद करा, आज झोपायच्या आधी.

एजेपी हा घरातल्या घरात बोलायचा प्रोटोकॉल आहे. समोर अपाचेच आहे असं धरून टॉमकॅट त्यावर विश्वास टाकतो. सिक्रेट नाही आणि ॲड्रेस ०.०.०.०, म्हणजे मध्ये फायरवॉल नसेल तर जगातला कोणीही थेट तुमच्या टॉमकॅटशी अपाचे असल्यासारखा बोलू शकतो. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाने जी त्रुटी बाहेर आली ती हीच वाट धरून होती. एजेपीची विनंती पाठवून वेब-इन्फ या ॲप्लिकेशनच्या खासगी फोल्डरमधल्या फाइली वाचता येत होत्या, आणि डेटाबेसचा पासवर्ड बऱ्याचदा तिथल्याच प्रॉपर्टीज फाइलमध्ये पडलेला असतो. अपलोड केलेल्या फाइली ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्येच साठत असतील तर बाहेरच्याला स्वतःचा कोडही चालवता येत होता. त्यानंतर टॉमकॅट ९.०.३१ पासून तीन गोष्टी बदलल्या: एजेपी मुळात बंद, ॲड्रेस फक्त लूपबॅक (म्हणजे त्याच मशीनपुरता), आणि सिक्रेट सक्तीचं. तुम्हाला जे तीन अडथळे वाटले ते हेच तीन कुलूप होते, आणि तुम्ही तिन्ही उघडलीत.

कनेक्शन का मिळत नव्हतं तेही सांगतो. त्या कॉमेंट केलेल्या नमुना ओळीत ॲड्रेस दोन कोलन आणि एक असा असतो, म्हणजे आयपीव्ही६ चा लूपबॅक. तुमचा अपाचे १२७.०.०.१ वर दार ठोठावत असणार. एक पुढच्या दाराशी, दुसरा मागच्या. ॲड्रेस १२७.०.०.१ करा, एक लांबलचक सिक्रेट ठरवा, सिक्रेट रिक्वायर्डची ओळ काढून टाका. अपाचेत प्रॉक्सीपासच्या ओळीच्या शेवटी सिक्रेट बरोबर तेच लिहा. ही सोय २.४.४२ पासून आहे, तुमच्याकडे २.४.५८ आहे, म्हणजे अडचण नाही. मग एसएस कमांडने (उघडी पोर्ट दाखवणारी) बघा, ८००९ समोर फक्त १२७.०.०.१ दिसलं पाहिजे.

आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला. मे महिन्यापासून दार उघडं होतं.


वेलीकाठी
१४ जून, रात्री ११:४८

केलं. एसएसमध्ये आता फक्त १२७.०.०.१ दिसतंय, पासवर्डही बदलला. साइट चालू आहे. मनापासून आभार. सभासदांचे सात-बारा आणि बँकेचे तपशीलही त्याच डेटाबेसमध्ये आहेत. हात कापत होते टाइप करताना.


गोदाकाठचा
१५ जून, सकाळी ७:३०

ताई, मी बरीच वर्षं टॉमकॅट सांभाळतो आहे. तुमची तिन्ही दुखणी एकाच मुळाशी जातात असा माझा अंदाज आहे, आणि ते मूळ जोडणीत नाही. पण अंदाजावर औषध मारायचं नाही. आधी तीन गोष्टी तपासून इथे लिहा.

एक. व्हिडिओच्या पत्त्यावर कर्लने (कमांड लाइनवरून विनंती पाठवायचं साधन) रेंज, म्हणजे फाइलचा ठरावीक तुकडा, मागा: फक्त पहिले दोन बाइट, ० ते १. लॉगिनची कुकी सोबत द्या. उत्तरात २०६ (मागितलेला तुकडा) येतं की २०० (अख्खी फाइल), आणि कंटेंट लेंग्थ किती?

दोन. संध्याकाळी साइट अडकते त्या वेळचा अपाचेचा एरर लॉग. त्यात मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्सचा (अपाचे एका वेळी किती विनंत्या हाताळेल त्या मर्यादेचा) उल्लेख आहे का?

तीन. व्हिडिओ देणारा कोड. फाइल उघडून लूपमध्ये वाचायची आणि आउटपुट स्ट्रीमवर लिहायची, असंच आहे ना?


वेलीकाठी
१५ जून, दुपारी १:०५

काका, तपासलं.

दोन बाइट मागितले तर २०० आला, आणि कंटेंट लेंग्थ अख्ख्या फाइलची, साधारण २८ कोटी बाइट. कर्लने फाइल उतरवायलाच घेतली, मी मध्ये थांबवलं.

एरर लॉगमध्ये मागच्या तिन्ही सोमवारी संध्याकाळी ती ओळ आहे: सर्व्हरने मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्सची मर्यादा गाठली, ती वाढवण्याचा विचार करा. शिवाय दिवसभर अधूनमधून ७०००७ हा आकडा आणि वेळ संपल्याचा मजकूर. त्याच सुमारास टॉमकॅटच्या लॉगमध्ये क्लायंट अबॉर्ट एक्सेप्शन आणि ब्रोकन पाइप. मी ते नेटवर्क खराब म्हणून सोडून दिलं होतं.

कोड तुम्ही म्हणता तसाच आहे. व्हिडिओ सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावा कोड) नावाचा क्लास, लॉगिन तपासतो, आठ केबीचा बफर, व्हाइल लूप. रेंजचा उल्लेख कुठेच नाही.


गोदाकाठचा
१५ जून, रात्री ९:२०

मग अंदाज खरा ठरला. आता सविस्तर लिहितो, कारण नुसत्या चार ओळी देऊन उपयोग नाही, उद्या दुसरं काही बिघडलं तर तुम्हालाच शोधायचं आहे.

तुमच्या वडिलांपासून सुरू करू. त्यांनी व्हिडिओ थांबवला. मोबाइलच्या ब्राउझरने पुढचा थोडा भाग आधीच भरून घेतला आहे, त्यामुळे तो वाचायचं थांबतो. कनेक्शन तोडत नाही, नुसता थांबतो. इकडे अपाचे पुढचे बाइट हातात घेऊन उभा, कारण समोरचा घेत नाही. त्याच्या मागे टॉमकॅटचा एक थ्रेड (एका वेळी एका विनंतीचं काम करणारा), राइटच्या ओळीवर अडकलेला. बाबा एक ओळ करून येईपर्यंत ही अख्खी साखळी त्यांच्या एकट्यासाठी ताटकळत उभी राहते.

उबुंटूच्या अपाचेत टाइमआउट ३०० सेकंद ठेवलेला असतो. पाच मिनिटांत पलीकडून काहीच हालचाल नाही, तर अपाचे कनेक्शन तोडतो. ते तुमचं ७०००७. मागचा टॉमकॅट लिहायला जातो तर पाइप तुटलेला, ते ब्रोकन पाइप. दोन मिनिटांत परत आले तर चालतं आणि जास्त वेळ झाला तर नाही, याचं कारण हे.

पण कनेक्शन तुटणं हा खरा रोग नाही. यूट्यूबवरही कनेक्शनं तुटत असतात, कोणाला कळतही नाही. ब्राउझर मुकाट्याने परत येतो आणि म्हणतो, मला अमुक बाइटपासून पुढचं दे. सर्व्हरने २०६ देऊन तिथपासून द्यायचं असतं. तुमच्या सर्व्हलेटला ही भाषाच येत नाही. काहीही मागा, तो २०० म्हणून पहिल्यापासून अख्खी फाइल ओतायला लागतो. म्हणून गोल फिरत राहतं, म्हणून बोटाने सरकत नाही. आयफोन तर सुरुवातीलाच दोन बाइट मागून परीक्षा घेतो, ० ते १, जे तुम्ही कर्लने केलंत तेच. तिथे २०६ आला नाही तर तो व्हिडिओला हातच लावत नाही.

आता सोमवारची संध्याकाळ. उबुंटूच्या अपाचेत मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स १५० असतात, टॉमकॅटचे थ्रेड मुळात २००. दीडशे लोक व्हिडिओ बघत बसले की अपाचेचे सगळे वर्कर त्यांच्यात गुंतले. त्यातले निम्मे व्हिडिओ थांबवून चहा पीत असतील, पण वर्कर अडकलेलाच. एकशे एक्कावन्नावा माणूस ओटीपी टाकतो आणि त्याच्या पानाला घ्यायला कोणी मोकळा नाही. सीपीयू रिकामा का, तर सगळे नुसते वाट बघत उभे आहेत. पिंपळगावच्या मार्केटच्या गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते तेव्हा आतले काटे रिकामे असू शकतात, तसं.

मर्यादा वाढवून चारशे केली तर लगेच टॉमकॅटचे २०० भरतील. तेही वाढवले तर पुढच्या हंगामात पुन्हा तेच. रांग लांब होईल, गेट तेवढंच राहील.

इव्हेंट एमपीएममध्ये (अपाचेची विनंत्या हाताळायची पद्धत) एक फार चांगली सोय आहे. अपाचे स्वतःच्या डिस्कवरची फाइल देत असेल, तर शेवटपर्यंतचं उत्तर त्याच्या हातात असतं. मग वर्कर मोकळा होतो आणि उरलेलं पाठवायचं काम लिसनर थ्रेडच्या देखरेखीखाली चालतं. हजार लोक हळू नेटवर्कवर असले तरी थोडे वर्कर पुरतात. पण उत्तर मागून टॉमकॅटकडून येत असेल तर शेवट कधी ते अपाचेला माहीत नसतं, म्हणून वर्कर शेवटपर्यंत बांधलेला. तुम्ही आज सगळे व्हिडिओ या दुसऱ्या वाटेने पाठवता आहात. ही तुमची फाइल एजेपीतून जाताना ८ केबीच्या पाकिटांत मोडते. २८ कोटी बाइट म्हणजे ३४ हजारांहून जास्त पाकिटं, एका माणसाच्या एका व्हिडिओसाठी! फाइल त्याच मशीनच्या डिस्कवर पडलेली असताना.

म्हणून माझं म्हणणं असं: कोण बघू शकतो हे टॉमकॅटने ठरवावं, बाइट अपाचेने वाहावेत.

यासाठी एक्स-सेंडफाइल नावाचं मॉड्यूल आहे, ॲप्टमध्ये मिळतं. सर्व्हलेटमधला तो व्हाइल लूप काढून टाका. लॉगिन तपासणी राहू द्या. ती पास झाली की उत्तरात एक्स-सेंडफाइल नावाचा हेडर टाका, त्यात फाइलचा पूर्ण पत्ता, सोबत कंटेंट टाइप व्हिडिओ/एमपी४, आणि बॉडीत काहीही लिहू नका. टॉमकॅटचं काम काही मिलिसेकंदांत संपलं, थ्रेड मोकळा. तो हेडर अपाचे मधल्यामध्ये पकडतो, ग्राहकाला दिसू देत नाही, आणि स्वतः फाइल पाठवतो, रेंजसकट. सर्व्हलेटमध्ये रेंजचा एक अक्षर कोड लिहावा लागत नाही.

अपाचेत व्हिडिओच्या लोकेशनमध्ये एक्स-सेंडफाइल ऑन करा आणि एक्स-सेंडफाइल-पाथमध्ये फक्त व्हिडिओचा फोल्डर द्या. तो फोल्डर डॉक्युमेंट रूटच्या बाहेर हवा, नाहीतर लोक लॉगिनशिवाय थेट पत्ता टाकून उघडतील. आणि फाइलचा पत्ता यूआरएलमधून उचलू नका. यूआरएलमध्ये व्हिडिओचा क्रमांक, पत्ता डेटाबेसमधून.

टाइमआउट ३०० च राहू द्या. बाबांचं कनेक्शन पाच मिनिटांनी तेव्हाही तुटेल, पण ब्राउझर परत येऊन पुढचं मागेल आणि त्याला मिळेल.

मॉड जेके की प्रॉक्सी: एकाच मशीनवर, एक टॉमकॅट, मग आहे तेच ठेवा. मॉड जेके वाईट नाही, माझ्याकडे एका ठिकाणी अजून चालतो. पण वर्कर्स डॉट प्रॉपर्टीज, जेके-माउंट, जेके-अनमाउंट असा वेगळा संसार मांडावा लागतो आणि तुमचं दुखणं त्याने बरं होणार नाही. एचटीटीपीने जोडलंत तर ग्राहकाचा खरा आयपी आणि एचटीटीपीएस होतं की नाही हे टॉमकॅटला कळण्यासाठी रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावावा लागतो. एजेपीत ही माहिती प्रोटोकॉलमधूनच जाते. उलट पुढे कधी वेबसॉकेट लागलं तर एजेपी कामाचा नाही. आणि टॉमकॅट वेगळ्या मशीनवर नेलात तर एजेपीत एन्क्रिप्शन नाही हे लक्षात ठेवा.


आडगावकर
१५ जून, रात्री १०:०२

यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून लिंक द्या ना. एवढा खटाटोप कशासाठी?


वेलीकाठी
१५ जून, रात्री १०:३०

आडगावकर, हा प्रश्न आमच्या संचालकांनीही विचारला होता. कारण फवारणीचं आहे. निर्यातीच्या बागेत कोणतं औषध, कोणत्या अवस्थेपर्यंत आणि काढणीआधी किती दिवस, हे बदलत असतं. औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला तर कंटेनरचा माल जातो, एका घराचं वर्षाचं उत्पन्न जातं. आम्ही जुना व्हिडिओ काढून टाकला की तो कोणालाच दिसता कामा नये. पूर्वी एक लिंक व्हॉट्सॲपवर फिरत राहिली आणि एका सभासदाने मागच्या हंगामातलं वेळापत्रक बघून फवारणी केली. सुदैवाने काढणी लांब होती. त्यानंतर ठरवलं, व्हिडिओ आमच्याच दारातून जाणार आणि कोणी कोणता पाहिला याची नोंद राहणार.

काका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. मोबाइल थांबवल्यावर मागे थ्रेड ताटकळत उभा राहतो हे मला कधीच सुचलं नसतं. शनिवारी करते.


आडगावकर
१५ जून, रात्री १०:४४

कारण पटलं ताई, माझा सल्ला मागे घेतो. मी शूटिंग आणि एडिटिंग करतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

तुमच्या फाइली फास्ट स्टार्ट आहेत का बघा. एमपी४ मध्ये मूव्ह नावाचा भाग असतो, व्हिडिओची अनुक्रमणिकाच म्हणा. कोणती फ्रेम कोणत्या बाइटवर ते त्यात असतं. एन्कोडर तो बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहितो. मग खेळायला सुरुवात करण्याआधी मोबाइलला शेवटचा भाग आणावा लागतो, आणि रेंज चालत नसेल तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत थांबावं लागतं. एफएफएमपेगला मूव्हफ्लॅग्ज फास्टस्टार्ट सांगा आणि ऑडिओ-व्हिडिओ दोन्ही कॉपी ठेवा. पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे एका फाइलला फार वेळ लागत नाही.

दुसरं, पंचवीस मिनिटांना २८ कोटी बाइट म्हणजे दीड एमबीपीएस झालं. बागेत नेटवर्कची एक कांडी असताना ते पेलत नाही. एचएलएस करा: व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे आणि एक एम३यू८ यादी. दोन-तीन दर्जाच्या प्रती ठेवल्या की नेटवर्क बघून प्लेअर खालची-वरची प्रत उचलतो. ४०० केबीपीएसची प्रत पंचवीस मिनिटांना साडेसात कोटी बाइटमध्ये बसते. कात्री कुठे लागते हे त्यातही नीट दिसतं, फक्त जवळून शूट केलेलं हवं.


गोदाकाठचा
१६ जून, सकाळी ७:१०

आडगावकरांचं एचएलएस बरोबर आहे, पण ताई, एका वेळी एक. आधी शनिवारचं काम, ते आठवडाभर चालू द्या, मग एचएलएस. एकदम दोन्ही केलं आणि बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. तुकड्यांनाही हीच वाट चालेल, प्रत्येक तुकड्याला टॉमकॅट फक्त हो की नाही सांगेल. दीडशे लोक आणि सहा सेकंदांचे तुकडे म्हणजे सेकंदाला पंचवीस छोट्या विचारणा, ते त्याला काहीच नाही.


वेलीकाठी
२० जून, रात्री ८:४०

सकाळपासून बसले आहे. मॉड्यूल घातलं, सर्व्हलेट बदलला, चाळीसएक ओळींच्या जागी पाच ओळी राहिल्या. आणि आता प्रत्येक व्हिडिओला ४०४. लॉगमध्ये फाइल उघडता येत नाही असं आहे. फाइल जागेवर आहे, पत्ता मी तीनदा ताडला.


गोदाकाठचा
२० जून, रात्री ८:५५

फाइलींची मालकी बघा. आत्तापर्यंत टॉमकॅट वाचायचा, फाइली त्याच्याच युजरच्या नावावर असणार. आता अपाचे वाचणार, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा युजर. त्याला फाइल वाचायची आणि वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जायची परवानगी हवी.

आणि फाइलींची नावं मराठीत आहेत का?


वेलीकाठी
२० जून, रात्री ९:३५

दोन्ही होतं. परवानगी दिल्यावर काही व्हिडिओ चालू झाले, पण "गोड छाटणी भाग २" सारख्या नावाचे ४०४ च. टॉमकॅटकडून येणारा हेडर बघितला तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं.


गोदाकाठचा
२० जून, रात्री ९:४२

हेडरमध्ये देवनागरी टिकत नाही. डिस्कवरच्या फाइलींना नुसते क्रमांक द्या, मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवा. पानावर लोकांना मराठीच दिसेल.


वेलीकाठी
२३ जून, रात्री ११:१०

सगळं सांगते, उशीर झालाय तरी.

फाइलींना क्रमांक दिले, फास्ट स्टार्ट सगळ्यांना करून घेतलं. कर्लने दोन बाइट मागितले, २०६ आला आणि खरोखर दोनच बाइट. रविवारी बहिणीच्या आयफोनवर लावला, लगेच सुरू झाला, बोटाने अठराव्या मिनिटाला नेला, तिथून चालला. मग उगावला फोन केला. बाबांना सांगितलं, व्हिडिओ लावा, थांबवा आणि वीस मिनिटं मोबाइलला हात लावू नका. ते म्हणाले, एवढ्यात पाणी फिरवून येतो. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला, चालला म्हणून. मी ॲक्सेस लॉग समोर ठेवूनच बसले होते: पहिल्या विनंतीनंतर मोठी शांतता आणि मग मधल्याच एका बाइटपासून नवी विनंती, २०६. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसं.

काल सोमवार होता. नवा व्हिडिओ सात वाजता टाकला आणि मी सर्व्हर स्टेटसचं पान उघडून बसले. नेहमी आठच्या सुमारास अडकतं. आठ वाजले, साडेआठ वाजले. गुंतलेले वर्कर तिशीच्या वर गेलेच नाहीत, बाकीची कनेक्शनं फाइल पाठवण्याच्या रांगेत, वर्कर न अडकवता. टॉमकॅटचे थ्रेड तर बहुतेक रिकामे. एकही फोन आला नाही.

एक नवीन अडचण आली आणि ती आमची आम्ही सोडवली. शूटिंगवाल्यांनी सव्वा जीबीचा ड्रोनचा व्हिडिओ ॲडमिनमधून चढवायला घेतला तर ४१३ (विनंती फार मोठी). जुन्या मशीनवर चढायचा. शोधलं तर लिमिट रिक्वेस्ट बॉडी. अपाचे २.४.५३ पर्यंत ती मर्यादा मुळात नव्हती, पुढे १ जीबी केली आहे. फक्त अपलोडच्या लोकेशनपुरती ३ जीबी केली, बाकी तशीच ठेवली.

इंदिरानगर_लिनक्स, सिक्रेट मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं आहे, रूटशिवाय कोणाला वाचता येत नाही, आणि अपाचेत ती फाइल इन्क्लूड केली आहे. बरोबर आहे ना?

आडगावकर, ४०० केबीपीएसची एक प्रत करून बघितली. शेंड्याचं पान नीट दिसतं, पण डोळे तपासणीच्या व्हिडिओत सूक्ष्मदर्शकाखालचा घड ओळखता येत नाही. त्याला वरची प्रत लागेल. कोणत्या व्हिडिओला कोणती खालची प्रत चालेल ते आमच्या तांत्रिक सल्लागारांसोबत बसून ठरवते आहे.


इंदिरानगर_लिनक्स
२४ जून, सकाळी ६:५०

बरोबर आहे. सर्व्हर डॉट एक्सएमएलचीही परवानगी तपासा, सिक्रेट तिथेही आहे. ती फाइल फक्त टॉमकॅटच्या युजरला वाचता आली पाहिजे. आणि दोन्हीचा बॅकअप कुठे जातो तेही बघा.


वेलीकाठी
२४ जून, सकाळी ९:१५

बॅकअप ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर जात होता, सगळ्यांना उघडता येत होता. आत्ताच बदलला, सिक्रेटही नवीन केलं.